बाटलीतून न पडणारं सरबत

करवंदाची जेली कुणालाही जमते. काळ्या पिकलेल्या फळांत थोडी लाल, अर्धकच्ची मिसळायची, बुडेल इतक्या पाण्यात शिजवायची, फडक्यात बांधून रात्रभर टांगायची आणि सकाळी गळालेल्या पाण्यात साखर घालून आटवायचं. बशीत टाकलेला थेंब पसरेनासा झाला की गॅस बंद. बाहेरून काही घालावं लागत नाही. मखमलाबादच्या आमच्या घरातला उद्योग जाऊबाईंच्या या जेलीवरच उभा राहिला.

सरबताने मात्र आमचा घाम काढला. मे महिन्यात भरलेली बाटली गिऱ्हाइकाने जुलैत उघडली की आडवी धरली तरी थेंब पडायचा नाही. ढवळायला चमचा घालावा तर बाटलीचं तोंड अरुंद. कुणी बाटली गरम पाण्यात उभी करून बघायचं, पण एकदा धरलेला तो गोळा उष्णतेनेही नीट पातळ होत नाही. कुणी काडीने कोरून काढायचं. ओळखीच्या एका वकीलसाहेबांनी ते पोळीला लावून संपवलं आणि वर छान होतं म्हणून कळवलं. बाकीच्यांनी पैसे परत मागितले आणि आम्ही ते दिले.

गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की सगळ्या बाटल्या गोठायच्या नाहीत. एका पातेल्यातलं सरबत वर्षभर पातळ राहायचं, दुसऱ्यातलं महिन्यात थिजायचं. जाऊबाईंचं म्हणणं पाक जास्त होतोय. मला वाटायचं आंबटपणा कमी पडतोय, म्हणून आम्ही सायट्रिक ॲसिड जरा वाढवलं, तर त्या बाटल्या आधीच्यापेक्षा लवकर गोठल्या. साखर कमी करायची म्हटलं तर नियम आड येत होता. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत फळाचं सरबत किंवा सिरप म्हणून विकायचं तर त्यात विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे बहुतांशी साखर, किमान ६५ टक्के लागतात. क्रशला ५५, स्क्वॅशला ४०. स्क्वॅश करता आला असता, पण इतक्या कमी साखरेत ते फ्रिजबाहेर टिकवायला प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं, आणि आमचं अर्धं गिऱ्हाईक ते नको म्हणूनच आमच्याकडे येतं.

कोडं सुटलं ते पुतण्यामुळे. तो दिंडोरीकडच्या एका वाइनरीच्या लॅबमध्ये आहे. जानेवारी ते मार्च द्राक्षं येतात तेव्हा तो घरी फक्त झोपायला असतो. मे महिन्यात जरा माणसात येतो. एका रविवारी जेवायला आला, थिजलेली बाटली हातात घेऊन उलटी-सुलटी केली आणि म्हणाला, "काकू, हे पेक्टिन आहे. तुमचं सरबत बिघडत नाहीये, तुम्ही जेलीच करताय."

मग त्याने जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं, आणि पुढे स्वतः वाचून त्यात भर घातली. भिंतीच्या विटांमध्ये जसा गिलावा असतो तसं झाडाच्या पेशींमध्ये पेक्टिन असतं. पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. १८२५ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते फळांतून वेगळं काढलं. गॅलॅक्टुरोनिक आम्ल नावाचे साखरेच्या कुळातले रेणू एकापुढे एक जोडून त्याची लांबच लांब साखळी झालेली असते. कच्च्या फळात ती अखंड असते म्हणून फळ टणक. फळ पिकतं तशी फळातलीच एन्झाइमं, म्हणजे असे बदल घडवून आणणारी प्रथिनं, ती तोडत जातात आणि फळ मऊ पडतं. काही बाटल्या गोठायच्या आणि काही नाही, याचं कारण इथे होतं: ज्या पाटीत लाल करवंदं जास्त, त्यातलं सरबत थिजायचं.

या साखळ्या पाण्यात सुट्या तरंगतात तोवर रस नुसता दाट लागतो. पण साखर ५५ टक्क्यांच्या वर गेली की ती पाणी स्वतःकडे ओढून घेते, आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), साधारण साडेतीनच्या खाली असला की साखळ्यांवरचा एकमेकींना दूर ढकलणारा विद्युतभार कमी होतो. मग त्या एकमेकींना धरतात आणि जाळं तयार होतं. आमच्या रसाचा पीएच तीनच्या आसपास, साखर ६५ टक्के. सरकारी व्याख्येतलं सरबत करायला निघावं आणि जेलीच्या शास्त्रात बरोबर मधोमध जाऊन बसावं, अशी ही करवंदाची गत. वाढवलेल्या सायट्रिक ॲसिडने काय केलं तेही मग कळलं.

उपाय वाइनरीत रोजचा होता. तिथे पांढऱ्या द्राक्षाचा रस काढला की आंबवायच्या आधी टाकीत थंड करून निवळू देतात, आणि त्या वेळी त्यात पेक्टिनेज, म्हणजे पेक्टिन तोडणारं एन्झाइम, घालतात. नाहीतर गाळ खाली बसत नाही आणि पुढे फिल्टर तुंबतात. द्राक्षात पेक्टिन बेताचंच असतं, तरी त्यांना लागतं. मग करवंदाला तर हवंच, असा त्याचा साधा हिशेब.

हे पेक्टिनेज येतं कुठून हे विचारल्यावर मात्र जेवणाच्या ताटावर जरा शांतता झाली. ते ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीपासून काढतात. नाशिक जिल्ह्यात ही बुरशी न पाहिलेला माणूस सापडायचा नाही. कांदाचाळीत साठवलेल्या कांद्याच्या सालीखाली काजळीसारखी काळी पूड दिसते ना, तीच. जाऊबाईंचं माहेर निफाडकडचं, बाप कांदेवाला. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "आयुष्यभर जे झटकून फेकलं ते आता सरबतात घालायचं?"

पुतण्याने उठून मांडणीवरचा सायट्रिक ॲसिडचा डबा आणला. "हे कशाचं बनतं, वहिनीकाकू?" लिंबाचं, असंच आम्ही दोघी धरून चाललो होतो. तेही याच बुरशीचं. साखरेच्या पाण्यात ही बुरशी वाढवली की ती सायट्रिक आम्ल भरपूर तयार करते, हे जेम्स करी या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये दाखवलं आणि १९१९ पासून फायझर कंपनीने त्यावर कारखाना चालवला. त्याआधी ते खरंच लिंबापासून, मुख्यतः इटलीतल्या, यायचं. आज जगातलं बहुतेक सायट्रिक ॲसिड बुरशीचं आहे. म्हणजे काळी बुरशी आमच्या मांडणीवर आधीपासूनच राहायला आलेली होती.

पेक्टिनेजचं काम समजायला बुरशीच्या बाजूने विचार करावा लागतो. तिला तोंड नाही, पोट नाही. खायचं असेल तर पाचकरस बाहेर सोडायचे, अन्न बाहेरच विरघळवायचं आणि मग शोषून घ्यायचं. फळाच्या सालीतून आत शिरायला तिच्यापुढे पहिली अडचण पेक्टिनचीच, म्हणून ती ते तोडणारी एन्झाइमं सोडते. द्राक्षाच्या घडातला सडका मणी बोट लावताच फुटून पाणी होतो ते यामुळे. ही एन्झाइमं एकाच प्रकारची नसतात. पॉलिगॅलॅक्टुरोनेज साखळी मधूनच तोडतं, तोडताना पाण्याचा रेणू वापरतं. पेक्टिन लायेज पाणी न वापरता तोडतं. पेक्टिन मेथिलएस्टरेज साखळीला लागलेले मिथाइल गट काढून टाकतं, म्हणजे तोडणाऱ्याला जागा मोकळी होते. बाजारात पेक्टिनेज म्हणून मिळते ती या सगळ्यांची पूड. कारखान्यात निवडून तपासलेला वाण टाक्यांमध्ये वाढवतात, बुरशी गाळून बाजूला काढतात, उरलेलं पाणी दाट करतात आणि सुकवतात. डब्यात बुरशी नसते, तिने तयार केलेलं प्रथिन असतं. एवढं कळल्यावर जाऊबाईंनी घास उचलला. पटलं असं म्हणाल्या नाहीत.

विकत घेताना एक गोष्ट जपावी लागली. ऑनलाइन शोधलं की आधी लॅबमध्ये वापरायच्या बाटल्या दिसतात. त्या महाग असतात आणि खाण्याच्या कामाच्या नसतात. आपल्याला फूड ग्रेड हवं. ते मोठ्या ज्यूस कारखान्यांसाठी पिंपांत येतं, पण वाइनरींना माल पुरवणाऱ्या एका विक्रेत्याकडे शंभर ग्रॅमचा डबा मिळाला. सोबत फूड ग्रेडचं पत्र आणि तपासणीचा दाखला मागून घेतला, परवान्याच्या फायलीला लावायला. हे मागायला संकोच करू नये. देत नसेल तर तो विक्रेता आपला नाही.

डबा फ्रिजमध्ये ठेवायचा आणि उघडताना तोंडाला मास्क बांधायचा. एन्झाइमची पूड श्वासातून गेली की काहींना ॲलर्जी जडते, दमाही लागू शकतो. अशा कारखान्यांत कामगारांना हा त्रास झाल्याचं वैद्यकात जुनं माहीत आहे. पंख्याखाली डबा उघडायचा नाही, हा आमच्या स्वयंपाकघरातला तेव्हापासूनचा नियम.

पुढचा प्रश्न मापाचा. डब्यावर प्रमाण द्राक्षाचं होतं, शंभर लिटरला एक ते तीन ग्रॅम. आम्ही एका वेळी दहा-बारा लिटर करणार. इतकं कमी किचनच्या काट्यावर उमटतच नाही. सराफ बाजारात सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो आणला. तरीही पूड थेट रसात घालत नाही. एक ग्रॅम पूड शंभर मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायची. मग त्यातल्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम येते आणि औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने हवं तेवढं मोजता येतं. हे पाणी त्या दिवशीच संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

करवंदं आमच्याकडे त्र्यंबक-हरसूलकडून येतात. पहाटेच्या एसटीने बाया पाट्या घेऊन उतरतात. काटे सोसून तोडलेलं फळ, त्यामुळे भाव करायला आम्ही जात नाही, निवड मात्र करतो. आमच्या नेहमीच्या मावशींना मी सांगून ठेवलं होतं की सरबताला काळीच हवीत. त्या म्हणाल्या, "ताई, झाडावर काळी आन् लाल शेजारीशेजारी. हात काट्यात घालून मी काय निवडू?" तेव्हा निवडायचं काम आमचं. देठ काढताना पांढरा चीक येतो, हाताला आणि पातेल्याला चिकटतो. हाताला खोबरेल लावायचं आणि फळं पाण्यात बराच वेळ ठेवून ते पाणी दोनदा बदलायचं. भांडी स्टीलची. इतक्या आंबट रसाला ॲल्युमिनियम चालत नाही.

पहिल्यांदा आम्ही रस न तापवता एन्झाइम घातलं. नाशिकचा मे, घरातच चाळीशीजवळ पारा, म्हटलं वेगळी ऊब कशाला? बरण्या रात्रभर ओट्यावर ठेवल्या. सकाळी झाकण उघडलं तर वर फेस आणि नाकाला ओळखीचा वास. करवंदाच्या सालीवरच्या यीस्टने रात्रीत आपलं काम सुरू केलं होतं. पुतण्याला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर, "काकू, आता परवाना काढा, ही आमची लाइन झाली." वाइनरीत रस गार असतो म्हणून त्यांना रात्र परवडते. आपल्याला परवडत नाही.

म्हणून आता फळं थोड्या पाण्यात ८५ अंशांपर्यंत तापवून लगेच उतरवतो. यीस्ट मरतं, फळातली रंग काळवंडणारी एन्झाइमं मरतात, साल रंग सोडते. जास्त वेळ उकळलं तर करवंदाचा गर्द लाल रंग विटकरी होतो, त्यामुळे इथे रेंगाळायचं नाही. मग पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवून ५० अंशांवर आणायचं, आणि त्यानंतरच एन्झाइम. हे प्रथिन आहे. साठच्या पुढे गेलं की त्याची घडी विस्कटते आणि नंतर गार केलं तरी ते जागं होत नाही. पंचेचाळीस ते पन्नास हा त्याचा आवडता पट्टा. गॅसवर मंद आंच ठेवून हे जमत नाही, कारण वर पन्नास दाखवतं तेव्हा तळाशी सत्तर असतं. आम्ही पातेलं मोठ्या थर्माकोलच्या पेटीत कोमट पाण्यात ठेवतो, मासेवाल्यांकडे असते तशी पेटी, अर्थात नवी. दोन तासांत दोन-तीन अंश उतरतात, तेवढं चालतं.

अडचण आंबटपणाची होती. या एन्झाइमला पीएच साडेतीन ते पाच मानवतो. आमचा रस तीनचा. द्राक्षाच्या मापाने घातलं तेव्हा दोन तासांनी काहीच फरक दिसेना. जाऊबाईंनी खायचा सोडा सुचवला. वाटीभर रसात चिमूट टाकून बघितला: रंग लालाचा जांभळट-काळा झाला आणि चव साबणाची. करवंदाचा रंग ज्या अँथोसायनिनांचा असतो ती आम्ल कमी झालं की रंग बदलतात. तो मार्ग तिथेच मिटला. उरलं ते प्रमाण वाढवणं. मग चार बरण्या मांडल्या: एकीत काहीच नाही, दुसरीत डब्यावरचं प्रमाण, तिसरीत दुप्पट, चौथीत चौपट.

डोळ्यांना काही दिसायच्या आधी हाताला कळतं. ढवळताना चमच्याला जो जडपणा लागतो तो चौथ्या बरणीत अर्ध्या तासातच गेला. इथलं गणित मला फार आवडतं. साखळी मधोमध एकदा तुटली तरी लांबी निम्मी होते, त्यामुळे एकूण दुव्यांतले अगदी थोडे तुटले तरी दाटपणा एकदम खाली येतो. निवळणं त्यानंतर सुरू होतं. रसातल्या बारीक कणांच्या गाभ्याला प्रथिनं असतात, त्यांच्यावर धन भार. त्याभोवती पेक्टिनचं आवरण, त्यावर ऋण भार. बाहेरून सगळेच ऋण, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात आणि रस गढूळ राहतो. आवरण झिजून गाभा उघडा पडला की एकाचा धन भार दुसऱ्याच्या ऋण भाराला जाऊन चिकटतो, गुठळ्या होतात आणि खाली बसतात. दुपटीच्या बरणीत हे व्हायला दोन तासांच्या वर लागले. चौपटीच्या बरणीत त्याआधीच वर दोन बोटं नितळ माणकासारखा रस उभा होता आणि खाली तपकिरी गाळ. काहीच न घातलेली बरणी संध्याकाळपर्यंत तशीच गढूळ.

डोळ्यांवर न विसंबता तपासायची रीत जुनी आहे, जेली करणारे उलट हेतूने वापरतात ती. चमचाभर रस गार करून त्यात दोन-तीन चमचे अल्कोहोल घालायचं. पेक्टिन अखंड असेल तर त्याचा गोळा होऊन वर येतो, काडीने उचलता येतो. तुटलेलं असेल तर नुसते तंतू किंवा काहीच नाही. आम्ही औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. ते विषारी आहे, म्हणून त्यासाठी वेगळा पेला, वेगळा चमचा, आणि तपासलेला रस मोरीत. चाखून बघायचा मोह कुणालाही होऊ नये म्हणून त्या पेल्यावर लाल पट्टी चिकटवली आहे.

चौपटीचं प्रमाण पक्कं करून आम्ही पहिला मोठा घाणा केला. निवळू दिला, फडक्यातून गाळला, फ्रिजमध्ये ठेवला, वरचा नितळ रस नळीने ओढून घेतला. लिटरभर रसाला दीड किलोहून जास्त साखर लागते. साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नाशिकमध्ये कुणाकडेही मागा, द्राक्षवाल्यांच्या प्रत्येक घरात आहे. पण तो ३२ ब्रिक्सपर्यंतच, म्हणजे साधारण ३२ टक्के साखरेपर्यंतच दाखवतो. सिरपसाठी वरच्या पट्ट्याचा वेगळा घ्यावा लागला. शेवटी सगळं पुन्हा ८५ च्या वर नेऊन काही मिनिटं धरायचं, म्हणजे एन्झाइमही संपतं, आणि गरम गरम बाटल्या भरायच्या.

बाटल्या उन्हाला धरल्या तर पलीकडचं दिसत होतं. पुतण्या खूश. जाऊबाईंनी पाणी घालून पेला केला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "दिसायला छान. पण तोंडात काही राहत नाही."

खरं होतं. पेक्टिन पूर्ण गेलं की सरबताचं अंगही जातं. गोड आहे, आंबट आहे, वासही आहे, पण घोट जिभेवर न थांबता सरळ खाली. वाइनवाल्यांना जी नितळता हवी ती करवंदाच्या सरबताला हवी आहे का, यावर काकू-पुतण्याचं बरंच वाजलं. त्याचं म्हणणं, गढूळ माल दुकानात उचलत नाहीत. माझं म्हणणं, जत्रेत पेल्यातून प्यायलेलं करवंदाचं सरबत कुणी कधी नितळ पाहिलं आहे? आणि आम्ही हे सुरू केलं ते बाटलीतून पडावं म्हणून, आरशासारखं दिसावं म्हणून नव्हे.

उत्तर त्या चौथ्या बरणीतच होतं. दाटपणा अर्ध्या तासात उतरतो, निवळणं नंतर होतं. मग दोन्हींच्या मध्ये थांबलं तर? प्रमाण दुपटीवर आणलं, दर दहा मिनिटांनी अल्कोहोलची परीक्षा केली, आणि गोळा होणं थांबून नुसते तंतू दिसू लागले त्या क्षणी पातेलं गॅसवर चढवून एन्झाइम मारलं. जाळं विणायला लागणारी लांबी आता साखळ्यांत नाही, पण तुकडे रसात आहेत. सरबत किंचित गढूळ, तोंडात भरतं, आणि पुढच्या वर्षीच्या होळीलाही बाटलीतून पडतं. पाटी बदलली की वेळ बदलते, लाल फळं जास्त असली की आणखी थांबावं लागतं, म्हणून घड्याळ बघून हे होत नाही. परीक्षा प्रत्येक घाण्याला करावीच लागते.

रंगाबद्दल एक सूचना. काही एन्झाइमांच्या पुडीत पेक्टिनेजबरोबर ग्लुकोसिडेज नावाचं दुसरं एन्झाइमही असतं. ते अँथोसायनिनाला जोडलेली साखर तोडतं आणि मग तो रंग टिकत नाही, महिन्या-दोन महिन्यांत फिका पडतो. लाल-जांभळ्या फळाला घेताना ते कमी असलेली पूड मागायची. विक्रेत्याला हे माहीत असतं, विचारलं तर सांगतो.

एका शिकलेल्या गिऱ्हाइकाने मिथेनॉलचं विचारलं होतं. मेथिलएस्टरेज मिथाइल गट काढतं तेव्हा मिथेनॉल सुटतं हे खरं आहे. ते अगदी अल्प असतं, फळांच्या कुठल्याही रसात मुळातच थोडं असतं, आणि आम्ही नंतर उघड्या पातेल्यात तापवतो. विषारी दारूच्या बातम्यांतलं मिथेनॉल म्हणजे भेसळीचं, त्या प्रमाणाशी याची तुलनाच नाही. पण विचारलं हे बरं केलं. मी त्यानंतर याविषयी नीट वाचलं.

बुरशीचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. लेबलवर एन्झाइमचा उल्लेख आम्ही स्वतःहून करतो. त्यावरून कॉलेज रोडच्या एका जैन बाईंनी फोन केला, हे एन्झाइम प्राण्याचं आहे का? नाही, बुरशीचं, असं सांगितल्यावर त्या थबकल्या. सरबतात बुरशी नाही, तिने तयार केलेलं प्रथिन घातलं होतं आणि तेही तापवून मारलेलं, हे मी समजावलं. मग सायट्रिक ॲसिडचंही सांगणं आलं, कारण एक सांगून दुसरं लपवणं मला जमलं नसतं. त्यांनी शांतपणे ऐकलं, करवंद रद्द केलं आणि ज्यात सायट्रिक ॲसिड नाही तो आवळ्याचा मोरंबा मागवला. अजूनही दर महिन्याला मोरंबाच मागवतात. जाऊबाई म्हणतात, नसतं सांगितलंस तर दोन्ही घेतलं असतं. म्हणोत.

आता मे महिन्यात आमच्या ओट्यावर दोन शेगड्यांवर एकाच पाटीतली करवंदं असतात. काळी सरबताच्या पातेल्यात, लाल जेलीच्या. त्यांचे झारे, गाळण्या आणि फडकी वेगवेगळी आहेत, सरबताकडच्या प्रत्येक वस्तूला लाल दोरा बांधलेला आहे. जेलीचा अर्क फडक्यातून रात्रभर गळत असतो, आणि त्या फडक्याला एन्झाइमचा हात लागलेला असला तर सकाळपर्यंत त्यातलं पेक्टिन तुटून जाईल. मग कितीही आटवा, थेंब बशीत पसरतच राहणार. गेल्या हंगामात कामाला येणाऱ्या मुलीने धुताना एक दोरा काढून टाकला होता. जाऊबाईंनी ती सगळी फडकी उकळून काढली आणि वाळत घालताना एकेकाला पुन्हा दोरा शिवला.